सैतानाच्या शाळेची परीक्षा

प्लूगोर्न, ५ मार्च

प्रिय रोझेन,

तुला आशीर्वाद, तिफेनला पापे. मी बरी आहे, गुडघा बरा नाही, कोंबड्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तर तुझं फर्मान पोचलं. ‘आई, गावातली सरकारी माध्यमिक शाळा एकदा नीट बघून ये आणि खरं काय ते सांग.’ इथून जवळच्या कँपेरच्या हॉस्पिटलनं तुला नोकरी देऊ केलीय, महिनाअखेर त्यांना हो-नाही कळवायचंय, आणि शाळा बरी असेल तरच तू नांत सोडून पोरीला घेऊन इकडे येणार. म्हणजे माझी लेक आणि नात माझ्या शेजारी राहणार की नाही, ते मीच शाळेला किती मार्क देते त्यावर. असली परीक्षक नेमायला तूच पाहिजेस! उद्या मांजराला विचार, मासा ताजा आहे का.

तू पाठवलेला कॉम्प्युटरवरचा निकालाचा तक्ता मी सोआझला दाखवला. शेजारची सोआझ गं, माझ्यासारखीच विधवा, फक्त दात माझ्यापेक्षा चांगले. त्यात सिस्टरांची शाळा वर आणि सरकारी बरीच खाली. सोआझ चष्मा पुसून म्हणाली, “बघ, देवाच्या शाळेत पोरं पास होतात.”

मी म्हटलं, “होणारच. नापास होणाऱ्यांना परीक्षेच्या आधीच गोड बोलून आमच्याकडे पाठवतात.”

“आमच्याकडे म्हणजे? तू तर सिस्टरांकडे शिकलीस.”

“शिकले तिकडे, संसार केला इकडे. मला दोन्हीकडची भांडी माहीत आहेत.”

आमच्या वेळी शाळा पारखणं किती सोपं होतं! रस्त्याच्या या बाजूला सिस्टरांची शाळा, त्या बाजूला सरकारी, म्हणजे सैतानाची. सैतानाची का, तर भिंतीवर क्रूस नव्हता. संपली पारख. आम्ही देवाच्या पोरी पानगळीत चेस्टनटची काटेरी बोंडं गोळा करायचो आणि सैतानाच्या पोरांवर रस्त्यापलीकडे फेकायचो. सिस्टर तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघायच्या. एकदा माझं बोंड एका पोराच्या मानेवर बसलं. त्यानं ते उचललं, शांतपणे सोललं, आतलं चेस्टनट खाल्लं आणि टोपी काढून मला नमस्कार केला. माझा धर्म तिथंच बुडाला. ते तुझे बाबा.

तुझ्या आजीनं लग्नाआधी त्यांच्याकडून पाद्रीबाबांसमोर वचन घेतलं होतं, मुलं सिस्टरांकडेच शिकतील. माझ्या गोनेरीनं मान डोलावली. मग तू अकराची झालीस, आणि गणिताच्या दिवशी सकाळी तुझं पोट दुखायला लागलं. सिस्टर क्लोतिल्द तुला फळ्यापाशी उभं करून ठेवायची, आठवतंय? एका सोमवारी बाबांनी तुला सायकलवर पुढं बसवलं आणि सायकल रस्त्याच्या पलीकडे वळवली. आजी दारात ओरडली, “अरे, वचन दिलं होतंस!” बाबा म्हणाले, “दिलं होतं. तेव्हा रोझेन माझ्या ओळखीची नव्हती.”

तिकडे तुला गणिताचे कारादेक सर भेटले. पुढचं तुला माहीत आहे.

आता तिफेनचंही गणिताच्या दिवशी पोट दुखतं म्हणतेस. आमच्या घराण्याची पोटंच तसली. शाळेचा खुला दिवस शनिवारी, अठरा तारखेला आहे. जाते आणि बघून येते. चांगले कपडे घालून जाईन, काळजी करू नकोस.

तुझी,
आई


प्लूगोर्न, १९ मार्च

प्रिय रोझेन,

आशीर्वाद. पाय चोळत लिहितेय, कारण काल तुझ्यासाठी मी त्या शाळेचे सगळे जिने चढले.

सोआझला बरोबर नेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या फाटकातून आत गेली. पायरीवर अडखळली तशी मी विचारलं, “काय गं, पाय भाजले?”

“गप गं. वास कसला येतोय?”

“गंधकाचा. नरकातला.”

वास क्रेपचा होता. अंगणात पालकांनी तवे मांडलेले, नववीची पोरं क्रेप उलटत होती आणि निम्मे तव्याबाहेर टाकत होती. सोआझनं सैतानाच्या हातचे तीन खाल्ले, वर म्हणाली, लोणी कमी आहे.

मोठ्या बाई नवीन आहेत, मादाम त्रेगेर. तरुण. वजन माझ्या लाल कोंबडीएवढं, आवाज कोंबड्याचा. सगळीकडे त्याच धावत होत्या. जेवणघर स्वच्छ आहे, सूप गरम होतं. मुलींच्या संडासात साबण होता आणि दाराच्या कड्या लागत होत्या. हसू नकोस, मी मुद्दाम बघून आले. तुमच्या तक्त्यात कड्यांचा रकाना नाही. जिन्यावर पोरं ‘बोंझूर मादाम’ म्हणत होती. एक म्हणाला नाही, तर त्याला मागच्यानं कोपरानं ढोसलं.

आणि मग वरचा कोपऱ्यातला वर्ग. तोच गं, ज्याच्या खिडकीतून चर्चचं घड्याळ दिसतं आणि तास संपत आला की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. आत कारादेक सर उभे होते! तोच तपकिरी कोट, कोपरांना चामड्याची ठिगळं. हातात तो फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, “रोझेनची आई! काय म्हणतेय आमची अपूर्णांकांना घाबरणारी?”

मी म्हटलं, “औषधाचे डोस मोजते आता. अजून कुणी मेलेलं नाही.”

इतके हसले की कंपास टेबलावर ठेवावा लागला. तू भाकरीचे तुकडे करून वर्गात नेले होतेस ते त्यांना अजून आठवतं. पाव तुकडा, निमा तुकडा, आणि तास संपायच्या आत तू गणित खाऊन टाकलं होतंस! मला तर डोळ्यांसमोर दिसलीस, दोन वेण्या, गुडघ्यांवर शाई. मी क्षणभर बाकावर बसले. लाकूड तेच आहे.

पॅरिसकडून नवीन आलेलं एक जोडपं तिथं होतं. त्या बाईंनी विचारलं, “सर, बरीच वर्षं शिकवताय का इथं?”

सर म्हणाले, “आयुष्य गेलं, मादाम.”

नेमका तेव्हाच सोआझला खोकला आला. बेकरीवाला खिडकीबाहेर बघायला लागला, खिडकीबाहेर काही नसताना.

गणिताचं तू खास विचारलं होतंस. तर गणिताच्या वर्गात सर होते, आणि ते समजावत होते, आणि पोरं ऐकत होती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

बाकी, मागची खोली मी रिकामी करायला घेतलीय. सहजच. धूळ फार झाली होती.

तिफेनला सांग, इथं शाळा सुटल्यावर खाडीवर ओहोटीत शिंपले मिळतात. नांतच्या कुठल्याही शाळेत ही सोय नसेल.

तुझी,
आई


प्लूगोर्न, गुरुवार, २३ मार्च

रोझेन,

काल तुझं पत्र आलं. ‘कारादेक सर अजून आहेत म्हटल्यावर मला दुसरं काही बघायचं नाही. कँपेरला होकार लिहून ठेवलाय, सोमवारी टाकते.’ मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोंबड्यांनाही वाचून दाखवलं.

तो होकार टाकू नकोस. आधी हे वाच. फोन हातात घेतला होता, पण तुझा आनंदी आवाज कानावर पडला असता तर मी परत थापा मारल्या असत्या. म्हणून लिहितेय. पोस्टमन म्हणाला, शनिवारी नक्की मिळेल.

कारादेक सर तिथं शिकवत नाहीत. तू नर्सिंगला होतीस तेव्हाच ते निवृत्त झाले. शनिवारी त्यांना मोठ्या बाईंनी बोलावून आणलं होतं, एका दिवसापुरतं. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, ती गोष्ट ऑक्टोबरची. त्यांच्या जागी कुणी आलेलंच नाही. गणिताच्या तासाला पोरं अभ्यासाच्या खोलीत बसतात. खुल्या दिवशी तो वर्ग रिकामा दिसला असता तर नवीन माणसं पोरांना घेऊन सरळ रस्ता ओलांडून सिस्टरांकडे गेली असती. पोरं कमी झाली की सहावीची एक तुकडी जाते, मग दुसरी, आणि मग फाटकाला कुलूप.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बेकरीवाल्याला, पोस्टमनला. सोआझलासुद्धा, आणि ती तर देवाच्या बाजूची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी एकूण एक माणसानं चेहरा सरळ ठेवला. कुणाचा नातू तिथं, कुणाचं दुकान त्या पोरांवर चालतं. मी पण ठेवला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी घरी येऊन तुला ते लिहिलं, आणि एकेक वाक्य निवडून लिहिलं. ‘गणिताच्या वर्गात सर होते.’ बघ, एकही शब्द खोटा नाही. सिस्टर क्लोतिल्दला अभिमान वाटला असता माझा.

बाकी सगळ्यांना मी फसवलं असतं गं. पण पोट तिफेनचं दुखतं.

म्हणून परवा मंगळवारी परत गेले. क्रेपचा एक तवा आमच्याकडे राहिला होता, तो द्यायच्या निमित्तानं. साधा दिवस. अंगणात पाण्याची डबकी. जिन्यावर ‘बोंझूर’ म्हटलं, पण फक्त निम्म्यांनी. संडासात साबण नव्हता. कड्या मात्र होत्या.

वरच्या वर्गातून आवाज येत होता म्हणून दारात उभी राहिले. मोठ्या बाई स्वतः शिकवत होत्या. त्या इतिहासाच्या आहेत. फळ्यावर अपूर्णांक. बाईंनी दोन खालचे आकडे सरळ एकमेकांत मिळवले आणि उत्तर लिहून टाकलं. मलासुद्धा कळलं, चुकलं. मागच्या बाकावरची एक बारकी पोरगी म्हणाली, “मादाम, असं केलं तर दोन अर्धे मिळून अर्धाच होतो.”

सगळा वर्ग हसला. बाई फळ्याकडे बघत राहिल्या, मग त्याही हसल्या. “ये इकडे,” म्हणाल्या, “आणि मला शिकव.” खडू त्या पोरीच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसल्या.

आमच्या सिस्टरांच्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर रविवारपर्यंत बसता आलं नसतं.

तास संपल्यावर मी बाईंना गाठलं. म्हटलं, “शनिवारचं नाटक छान वठलं.”

त्या लाल झाल्या. “तुम्हीही ओळखलंत?”

“कारादेकला ओळखत नाही असं गावात कुत्रं नाही, बाई. पण माझी लेक नांतला आहे, आणि ती माझ्या सांगण्यावरून इकडची नोकरी घ्यायला निघालीय.”

त्यांनी फळा पुसायला घेतला. म्हणाल्या, वरच्या ऑफिसला रोज फोन करते, ते म्हणतात बघू. सप्टेंबरपर्यंत माणूस मिळेल असं मी लेखी देऊ शकत नाही. मग म्हणाल्या, “तुमच्या लेकीला खरं सांगा. मला पोरं हवी आहेत, पण अशी नकोत.” ती बाई मला आवडली, रोझेन. हे पण खरं आहे, आणि खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगायला हवं.

तिथून कारादेकांकडे गेले. ते वाटाणे सोलत बसले होते. मी विचारलं, “सर, सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा माझ्या नातीला बसवाल का?”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, “मारीव्होन, शनिवारी मी एकच गणित विसरून तीनदा शिकवलं. पोरं चांगली होती, बोलली नाहीत.” परत वाटाणे सोलायला लागले. “पण तिथं उभं राहून बरं वाटलं हं.”

मला पण बरं वाटलं होतं. तोच मोठा घोटाळा झाला. तू शाळा बघायला सांगितलंस आणि मी तुझं लहानपण बघून आले. तू अकराची, बाबा फाटकाबाहेर सायकल धरून उभे, आणि सर तुला म्हणतायत, ‘चुकलीस? छान, आता कळेल.’ ती शाळा चांगली होती. तिला मी पैकीच्या पैकी दिले. पण तिफेन त्या शाळेत जाणार नाही. तिफेन आत्ताच्या शाळेत जाणार.

तर आत्ताच्या शाळेला माझे मार्क. सूप चांगलं. कड्या लागतात. फ्रेंचच्या बाई कडक, पण पोरं त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, आणि पोरं कुणालाच सोडत नाहीत. चुकलेल्याला हसतात, पण उभं करून ठेवत नाहीत, मोठ्या बाईंनासुद्धा नाही. गणिताचा माणूस नाही, आणि पुढच्या वर्षी असेल की नाही, देव जाणे आणि सैतान जाणे. सिस्टरांकडे माणूस आहे, सोआझच्या नातवाला विचारलं. चांगला शिकवतो म्हणाला, फक्त मान वर करून पोरांकडे बघत नाही.

याची बेरीज मला येत नाही. तूच कर.

मागच्या खोलीत मी पलंग लावलाय, पडदे पण लावले. त्याचा हिशेबात विचार करू नकोस. पडदे तसेही जुने होते.

हॉस्पिटलला जे कळवायचं ते आधी हॉस्पिटलला कळव, मग मला. मला आधी सांगितलंस तर मी काहीतरी बोलेन. या पत्रात मी तुला ‘इकडे या’ असं कुठंही म्हटलेलं नाही. चार वेळा हात तिकडे गेला. चारही वेळा उठून कोंबड्यांना दाणे टाकून आले. आज त्यांची चैन आहे.

इथं असो, तिथं असो, दोघींची, आणि यापुढे खरं तेच सांगणारी (निदान शाळेबाबत),

तुझी आई,
मारीव्होन