पुना मिस्तरींचं प्लाझ्मा मशीन

दोंडाईचा,
दि. ८ एप्रिल २०२५, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे.
मशीनच्या रिकाम्या खोक्यावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितो आहे.

ती. सौ. सुलक्षणाअक्कास, धाकट्या नवलचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. आपल्या दुकानातला फोन आबा स्पीकरवर ठेवतात आणि माझ्या खिशातला वाजला तरी तोही स्पीकरवर लावायला लावतात. आज जे लिहायचं आहे ते आबांबद्दलच आहे. जीवरामभाऊ दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरची घेऊन जळगावला येतात, त्यांच्याकडे हे पाकीट देतो. मिरचीच्या पोत्यातून येणार, तेव्हा नाकाला पदर लावून उघड.

शुक्रवारी धुळ्याहून मशीन आलं. प्लाझ्मा कटिंग. लोखंडाची बारा मिलीची प्लेट लोण्यासारखी कापतं म्हणतात. जिनिंगवाल्या शेठजींची एकशे वीस प्लेटांची ऑर्डर आहे, वीस मेपर्यंत द्यायची. गॅसने कापत बसलो तर दिवाळी उजाडेल, म्हणून आबांनी मन घट्ट करून घेतलं. आणणारा माणूस आला, खोकं उतरवलं, दहा मिनिटं काहीतरी बोलला, चहा प्याला आणि गेला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत आहे. मी डिक्शनरी घेऊन रोज दोन पानं वाचतो. आतापर्यंतच्या आठ पानांत ‘धोका’ हा शब्द एकतीस वेळा आला.

आबा म्हणतात, की चाळीस वर्षं गॅसने लोखंड कापलं, माले बठ्ठं मालूम शे. जुन्या वेल्डिंग सेटचीच वायर याला जोडायची आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीस तारखेला, पाहुण्यांसमोर स्वतःच्या हाताने मुहूर्त करायचा असं ठरलं आहे. त्या वेल्डिंग सेटचं अर्थिंग कुठे आहे ते तुला माहीत आहे. खिडकीच्या गजाला. पावसाळ्यात खिडकी झिणझिण्या देते म्हणून माय अकरा वर्षं ती लाटण्याने लावते. घरात कोणाला यात काही वावगं वाटत नाही.

अक्का, मला भीती वाटते. आबांच्या डाव्या भुवईला गॅसमुळे केस नाहीत, हे ते कौतुकाने सांगतात. या मशीनचं फक्त भुवईवर भागणार नाही. हात जाईल. मी बोललो तर आयटीआय दहा महिन्यांत सोडल्याचं निघतं. दाजींच्या कारखान्यात हेच मशीन चालतं ना? त्यांना विचारून काय काय करावं ते लिही. सविस्तर लिही, मी वहीत उतरवून घेईन.

भाच्यांना गोड पापा. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
नवल

---

जळगाव,
दि. १२ एप्रिल २०२५

चि. नवल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पाकीट उघडलं आणि मी सात वेळा शिंकले, तुझे दाजी चार वेळा. शेजारच्या काकू औषध घेऊन आल्या. पुढच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे.

तुझ्या दाजींना जेवताना विचारलं. ते बोलत गेले, मी एका हाताने वाढत गेले आणि एका हाताने लिहीत गेले, म्हणून कागदावर आमटीचा डाग आहे. खिडकीचं ऐकून ते म्हणाले, की सासुरवाडीला जाऊन इतकी वर्षं त्याच खिडकीशी उशी लावून झोपत होतो.

असं करायचं. मशीनला स्वतःची वेगळी लाइन आणि वेगळा मेन स्विच, कुलूप लावता येईल असा. अर्थिंग जमिनीत. दहा फुटी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि या उन्हात रोज दोन बादल्या पाणी. जमीन कोरडी पडली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. हवा कोरडी पाहिजे. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज सकाळी काढायचं आणि मधे पाणी अडवणारा फिल्टर लावायचा. नाहीतर हातात धरून कापायच्या टॉर्चच्या टोकाचं नोझल एका दिवसात जळेल. काळा चष्मा, चामड्याचे हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नोझल बदलायचं तर आधी मेन बंद. आणि कटिंगजवळ थिनर, रंगाचे डबे, जिनिंगवरून आलेला कापूस, काहीही नको.

सगळ्यात महत्त्वाचं दाजींनी ताटावरून उठताना सांगितलं. आजूबाजूला माणसं गोळा झाली असतील, पूजा, पाणी, नारळ चाललं असेल, तर मेनला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. दुसऱ्या कोणाच्याही नाही.

सामानाला पाच हजार पाठवते. आबांना सांगू नकोस. आखाजीला मला येता येत नाही रे, धाकट्या जावेचे दिवस भरलेत. झोक्यावर माझ्या वाटणीचं बसून घे.

जपून राहा, आणि पत्र येत राहू दे.
तुझी,
अक्का

---

दोंडाईचा,
दि. २२ एप्रिल २०२५, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.
अर्थिंगच्या खड्ड्यात दुसरी बादली ओतून आत्ताच बसलो.

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

या वेळी पिशवी दुहेरी आहे. शिंक आली तर ती तुझी स्वतःची.

खड्डा झाला. तोताराम वायरमनने नवी लाइन ओढली आणि मीटर लावून अर्थिंग चांगलं असल्याचं सांगितलं. वेल्डिंग सेटचं अर्थिंगही खिडकीवरून काढून इकडे आणलं. माय लाटणं घेऊन आली, हाताने खिडकी लावून पाहिली, आणि पुन्हा दोनदा उघडून लावली. अंगणात दहा किलो मीठ ओतताना मात्र तिने मला वेड्यात काढलं. आबांनी खाटेवरून विचारलं, की जमिनीचं लोणचं घालतोस का. शेजारच्या भुरीबाई रोज मला जमिनीत पाणी ओतताना बघतात. परवा त्या मायला म्हणाल्या, की पोराने काय पेरलं आहे ते उगवलं की सांगा.

कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडून जुना घेतलेला आहे. पहिल्या दिवशी टाकीतून अर्धा तांब्या पाणी निघालं. फिल्टर बसवला. थिनरचे डबे मागच्या खोलीत नेले. आबांनी सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की मशीन विकत घेतलं का नवरी आणली.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो. काल आबा शिंदखेड्याला लग्नाला गेले होते. मी आणि तोतारामने मशीन चालू करून पाहिलं. चष्मा, हातमोजे, सगळं घालून. प्लेट घासून तिला मशीनच्या वायरचा क्लॅम्प लावला, नोझल टेकवलं, बटण दाबलं. निळा उजेड, आणि प्लेट कापली गेली. बटण सोडल्यावर मिनिटभर हवा चालू राहते, ती नोझल थंड करायला असते, पुस्तकात एकोणिसाव्या पानावर आहे. मी तिसऱ्या प्लेटपर्यंत घाबरलो होतो. मग बरं वाटलं.

आबांना सांगितलं नाही. मुहूर्ताआधी चालवलं हे कळलं तर दुकान डोक्यावर घेतील. कापलेले तुकडे भंगारात खाली दडवले आहेत.

दाजींना नमस्कार. ओढ आहे तशीच असावी.
तुझा,
नवल

---

दोंडाईचा,
१ मे

चि. सौ. सुलक्षणा हिस पुना मिस्तरीचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. आज लिहितो कारण फोनवर बोलू लागलो तर आवाज गल्लीभर जाईल.

तुझ्या भावाने काल गावासमोर माझी फजिती केली. शेठजी आले होते. तुझे चुलते आले होते. मशीनला हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, नारळ फोडला. मग उदबत्ती घेतली, टॉर्च उजव्या हातात धरली, आणि गॅसला पेटवतो तशी उदबत्ती टोकाला लावली. डावा हात टॉर्चच्या तोंडाजवळ होता, गॅसला तसाच ठेवावा लागतो. बटण दाबलं. पेटेना. उदबत्ती मंद असेल म्हणून काडी ओढली. चार काड्या गेल्या, दोन बोटं भाजली. शेठजी म्हणाले, मिस्तरी, मशीनला अजून भूक लागली नाही वाटतं. सगळे हसले.

तेव्हा हा आला, आणि कानात सांगतो की आबा, याला काडी लागत नाही, हे आपोआप पेटतं, आणि मेनला मी कुलूप घातलं आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. कानातच सांगितलं, पण तुझे चुलते कानाशीच उभे होते. आता सगळ्या दोंडाईच्यात झालं.

माझ्या दुकानात मलाच कुलूप. मी पण मग भंगार उपसलं, तर कापलेले तुकडे सापडले. गॅसची कड मला अंधारात कळते. ती गॅसची नव्हती.

म्हणजे त्याला माहीत होतं आणि त्याने मला काडी ओढू दिली. असा पोरगा मला दुकानात नको. जावईबापूंना सांग, त्यांच्या कारखान्यात झाडायला लागला तरी चालेल, त्याला जळगावला घेऊन जा. मशीन मी परत करतो. शेठजींचं काम गॅसवर करीन.

सांजोऱ्या जीवरामकडे दिल्या आहेत. बाळांना दे.
पुना मिस्तरी

---

जळगाव,
दि. ३ मे २०२५

चि. नवल यास आशीर्वाद.

आबांचं पत्र आलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे त्यांचं पहिलं. मी ते दोनदा वाचलं. डावा हात टॉर्चच्या तोंडाजवळ होता, असं त्यांनी सहज लिहिलं आहे. तुझ्या दाजींनी ते वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. मेन चालू असता तर हे पत्र लिहिताना कागद दाबून धरायला आबांना दुसरं कोणी लागलं असतं.

म्हणून कुलूप लावलंस ते शंभर टक्के बरोबर. त्यात कोणी काही म्हणू दे.

पण बाळा, चूक तुझीही आहे. आबांना मशीन पेटतं कसं हेच माहीत नव्हतं, कारण तू ते त्यांच्यापासून लपवून पाहिलंस. त्या दिवशी त्यांच्यासमोर एक तुकडा कापला असतास तर उदबत्ती फक्त देवापुढे लागली असती. तू माणसांचे डोळे झाकलेस, हात झाकलेस, थिनरचे डबेसुद्धा झाकलेस. चाळीस वर्षं काम केलेल्या मिस्तरीचा मान तेवढा उघडा राहिला.

दाजी म्हणतात, की त्यांनी पहिल्या दिवशी याच मशीनला फुंकर मारली होती, स्टोव्हसारखी. फोरमनने सहा महिने त्यांना ‘स्टोव्हवाले’ म्हणून हाक मारली. हे आबांना सांगितलंस तरी चालेल, दाजींची परवानगी आहे. जळगावला तू येणार नाहीस. तुझ्यासाठी इथे झाडू नाही.

कोणी नसताना त्यांच्याशी बोल. लपवल्याचं कबूल कर. कुलपाची मात्र माफी मागू नकोस.

काळजी आहे, ती असू दे.
अक्का

---

दोंडाईचा,
दि. १६ मे २०२५, संध्याकाळचे सात.
कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करून, हात धुऊन बसलो.

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

नऊ दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते मायला सांगायचे, मी समोर असलो तरी. गॅसवर काम सुरू केलं होतं. नऊ दिवसांत अकरा प्लेटा झाल्या आणि शेठजींचा माणूस दोनदा येऊन गेला. मशीन परत करायचं खोकं दारात आणून ठेवलं होतं.

शनिवारी, दहा तारखेला, पहाटे आबा उठले तेव्हा मी अंगणात होतो. तुझं पत्र खिशात होतं. मी एका दमात सगळं सांगितलं, की शिंदखेड्याचं लग्न होतं त्या दिवशी चालवून पाहिलं, भीतीने लपवलं, ते चुकलं. आणि कुलूप मुद्दाम घातलं होतं, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन. आबांनी तोंड धुवायला घेतलं. मी दाजींच्या फुंकरीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, की जावईबापूंनी खरंच फुंकर मारली का. मी हो म्हणालो. मग ते हसले, अक्का. पाणी नाकात गेलं तरी हसत होते. म्हणाले, की माझी काडी तरी बरी, त्यांनी तर चूल समजून फुंकलं.

आत गेलो. मी किल्ली काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, खोलायचं ते तू खोल, मी उभा राहतो. चष्मा मात्र दोनदा कपाळावर सरकवला, दोनदा मी थांबलो, तिसऱ्यांदा त्यांनीच ओढून घेतला. डावा हात कुठे ठेवायचा ते दाखवलं. पाठीमागे, कमरेवर. त्यांना ते अवघड गेलं. हात आपोआप पुढे यायचा. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या पट्ट्यात अडकवला.

आणि मग त्यांनी कापलं. मी तीन प्लेटा कापून घाबरत होतो, त्यांनी पहिलीच रेघ अशी सरळ ओढली की मी पट्टी लावून पाहिली. केस जाईल एवढाही फरक नाही. मशीनला काडी लागत नाही, पण हात लागतोच. आता ते मला हात शिकवतात आणि मी त्यांना स्विच. भांडण दोन्हींवरून होतं.

एकशे वीसपैकी चौऱ्याण्णव प्लेटा झाल्या. वीस तारखेला सगळ्या जातील. शेठजी काल आले, तेव्हा आबांनी त्यांना दारातच अडवलं आणि चष्म्याशिवाय आत येऊ दिलं नाही. खोकं भुरीबाईंनी कोंबड्यांसाठी नेलं.

तुझ्या पाच हजारांचा हिशेब सोबत देतो. बाळांची तब्येत कळव, जावेला मुलगी झाल्याचं जीवरामभाऊंकडून कळलं, तिचं नाव काय ठेवलं तेही. मन आहे तिथेच असावं.
तुझा,
नवल

झालेला खर्च:
अर्थिंगचा पाइप, तार, कोळसा, मीठ – २,१५०
तोताराम वायरमनची मजुरी – ९००
हवेचा फिल्टर – ८५०
काळे चष्मे दोन – ४६०
हातमोजे दोन जोड – ३८०
कुलूप – १२०
एकूण – ४,८६०
अक्काला परत देणे – १४०
शिवाय, पाटी रंगवून घेणे – २५०. मजकूर, ‘नवल मिस्तरींना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नये. हुकमावरून, पुना मिस्तरी.’ हे पैसे आबांनी परस्पर दिले. मला विचारलं नाही.