पुंजक्याची लांबी

३ फेब्रुवारी, सोमवार
बायको बहिणीकडे गेली. दोन मोठ्या बॅगा नेल्या. थंडीत कपडे जास्त लागतात. मला निवांत काम करता यावं म्हणूनच गेली असणार. निघताना दारात काहीतरी बोलली, पण मी फोनवर होतो.
संकल्प: महिनाअखेर आमच्या अॅक्सिलरेटरमधला, म्हणजे कण पळवणाऱ्या मशीनमधला, इलेक्ट्रॉनांचा पुंजका माझ्या यंत्राने मोजायचा. केसाच्या जाडीहूनही आखूड निघणार. विक्रमच.

६ फेब्रुवारी
पुंजका वळणावर प्रकाश टाकतो, त्यावरून त्याची लांबी काढायची. सोपं आहे. आज कॅमेऱ्यात प्रकाश दिसला नाही. ऑपरेटरबाई म्हणाल्या, आरसा उलटा बसलाय. मी म्हणालो, मुद्दामच बसवून पाहिला.

११ फेब्रुवारी
कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. विचारात व्यत्यय नको, हे लोकांना कळतं.
इस्त्री कुठे आहे, असा बायकोला मेसेज केला. तिने नेलीय म्हणे. गडबडीत गेली असणार. चुरगळलेला शर्ट तसाच घातला. कोटाखाली दिसत नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी
सापडला! स्क्रीनवर सुईसारखा उभा सिग्नल. इतका आखूड पुंजका आजवर कुणाच्याच मशीनमध्ये झालेला नाही. सगळ्यांना ईमेल केली. बायकोने फोन उचलला नाही. निरोप ठेवला: काम झालं, आता ये.

१९ फेब्रुवारी
मीटिंगला झाडून सगळे आले. मी अर्धा तास बोललो. मग ऑपरेटरबाई हळूच म्हणाल्या, "सर, काल दुपारी बीम बंद होता."
म्हणजे मशीनमध्ये इलेक्ट्रॉनच नव्हते, मी कॅमेऱ्याची स्वतःची खरखर मोजली. यंत्र किती नाजूक आहे, हेच यातून सिद्ध होतं, असं मी सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि माझा बीमटाइम, म्हणजे मशीन वापरायची पाळी, दुसऱ्या गटाला दिला. थोडी विश्रांती मिळेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
बायकोचा फोन. म्हणाली, "मी परत येणार नाहीये. हे तुला दारातच सांगितलं होतं."
मी बरं म्हणालो. मग बीम बंद असताना सिग्नल कसा दिसतो ते समजावू लागलो. ती मध्ये एकदाही बोलली नाही. इतकं मन लावून तिने कधी ऐकलं नव्हतं. शेवटी पलीकडे, लांबवर, नळाखाली भांडी घासल्याचा आवाज आला.
तरी समजावून पूर्ण केलं.