पट्टीला पडलेलं टक्कल

तीर्थस्वरूप आत्यास, तुझ्या एकुलत्या एक भाचीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस हे सांगणं व्यर्थ, तरी सांगते.) मी खुशाल.

प्रयोगशाळेत मी दिवसभर करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. पाण्यातले जंतू ओळखणारी नखाएवढी पट्टी बनवते. तिच्यावर जंतूंना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा थर असतो. जंतू चिकटले की पट्टीवरचा विजेचा प्रवाह घटतो आणि त्यांचं बिंग फुटतं. निदान फुटायला हवं. माझ्या पट्ट्यांचं मात्र भलतंच. एकाच पाण्याला एक म्हणे स्वच्छ, दुसरी म्हणे घाण. सर म्हणाले, "फेकून दे सगळ्या, नव्या कर." पण आत्या, बिघडलं काय हे कळल्याशिवाय मला घास गोड लागेना.

शेवटी एक पट्टी सुईच्या यंत्राखाली ठेवली. केसाहून बारीक सुई पट्टीला न टेकता वरून फिरते, ठिकठिकाणचा प्रवाह मोजते आणि त्या आकड्यांचं चित्र तयार होतं. चार तास लागतात. (शिंकायचीही चोरी! मी शिंकले, तर चित्रात आडवा ओरखडा उमटला.) चित्र पुरं झालं आणि मी ओरडलेच, "अगं बाई, कडेनं दाट आणि मध्ये चक्क टक्कल!" मागे सर उभे होते. त्यांचा हात नकळत डोक्यावर गेला.

कारण अगदी साधं निघालं. प्रथिनांचा थेंब पंख्याखाली भराभर सुकायचा, त्यामुळे चहाच्या डागासारखा सगळा माल कडेला जाऊन बसायचा. मग ओलं फडकं घातलेल्या डबीत पट्ट्या झाकून ठेवल्या, थर सावकाश बसू दिला. पुन्हा चित्र काढलं, तर सगळीकडे एकसारखा! सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस." मग हळूच, "हा उपाय फक्त पट्टीवरच चालतो ना?"

काकांना नमस्कार.

तुझी लाडकी (दुसरी आहेच कोण?)
भाची

ता. क. आता खरं सांगते. सुधारलेल्या पट्टीवर पहिलं पाणी मी आमच्या घरच्या टाकीतलं घातलं. तीन महिने बाबांचं पोट बिघडतंय आणि बोल लावताहेत आईच्या स्वयंपाकाला. पट्टीनं जंतू दाखवले. प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत ते दोन दिवस वाढवून पाहिले, तरी तेच. पण ती टाकी बाबांनी स्वतः धुतलेली, तेव्हा माझं कोण ऐकतं! तू थोरली बहीण. त्यांना दम भर, टाकी रिकामी करायला लाव आणि आईची माफीही मागायला लाव.

ता. क. दुसरा : दम भरण्याआधी स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून बघ. गेल्या आठवड्यात तुझ्याकडून निघताना मी बाटली भरून घेतली, ती तहानेसाठी नव्हती. टाकी धुऊन होईतोवर पाणी उकळून पी.