भोंगा न ऐकणारी मुलगी

लासुर्णे, मंगळवार, १६ जानेवारी १९९६. संध्याकाळ.

मुलांसाठी लिहीत असलेल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण आज आईला वाचून दाखवलं. त्यातल्या गावात रोज कारखान्याचा भोंगा वाजतो आणि माणसं कालचं सगळं विसरतात. एका बहिऱ्या मुलीला तो ऐकू येत नाही, म्हणून तिला सगळं आठवतं. कालव्याकाठी पडलेला हिरवा फ्रॉकसुद्धा. गाव म्हणतं, तुला स्वप्न पडलं असेल.

तो फ्रॉक माझाच. म्हणजे लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरात मलाही हेच सांगायचे, स्वप्न पडलं असंल. मीही तसंच धरून चालले होते.

मेथी निवडता निवडता आईचा हात थांबला. म्हणाली, "हिरवा न्हाय. निळा हुता."

"कुणाचा, आई?"

"तुज्या थोरल्या बहिणीचा. सुमनचा. कालव्यात बुडाली. तू तीन वर्साची हुतीस."

तिशी ओलांडल्यावर कळतंय की मला बहीण होती. तेही रंग दुरुस्त करण्याच्या नादात.

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुज्या आबांनी अन्न सोडलं हुतं. तिचं नाव घरात काढायचं न्हाय, असं ठरलं. मंग सवयच झाली."

निळा. मग मला हिरवा का दिसतो? कालव्याचं पाणी हिरवं होतं का? दिसायची तरी कशी होती सुमन? विचारणार, तेवढ्यात आबा मळ्यातून आले.

"काय चाललंय मायलेकींचं?"

"काय न्हाय," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.