धुळवडीचं गाढव आणि कचेरीचा हुकूम

फाल्गुन शु. ९, मोमिनाबाद
सौ.ला आणायला सासरी जायचं. बाळंतपणाला गेली ती अजून तिथंच. मुलगी झाली, ती मी अजून पाहिलेली नाही. जायला हरकत नाही, पण नेमकी धुळवड! त्या गावाची रीत अशी की धुळवडीला एक जावई धरतात, गळ्यात फाटक्या जोड्यांची माळ घालून गाढवावर बसवतात आणि हलगी वाजवत गावभर फिरवतात. मग म्हणे फेट्याचा आहेर. जोडे आधी, आहेर मागून! मी फारशीत अर्ज लिहिणारा कारकून. माझी ही शोभा?

शु. १०
कचेरीतल्या वरिष्ठ पेशकारसाहेबांना सांगितलं. पोट धरून हसले. म्हणाले, हैदराबादेत गोरे लोकही एप्रिलच्या पहिल्या दिवशी एकमेकांना बनवतात, बड्या साहेबाला रिकामा लिफाफा देऊन टाळ्या पिटतात. पिटत असतील. त्यांच्यात गाढव नाही.
चपराशी हुसेनमियाँ त्याच बाजूला निघाला होता. त्याच्याकडून पाटलाला तोंडी निरोप धाडला. माझ्या अंगाला हात लावाल तर कचेरीत उभं करीन. बिल्ला लावून जा, असंही बजावलं.

शु. १४, सासरी
पोचलो. दर खेपेला पोरं वेशीतच "दाजी आले!" म्हणून ओरडतात. आज उठून सलाम केला. बरं वाटलं.
मुलगी पाहिली. नाक माझं. बोट धरलं ते सोडीना.
सौ. आतल्या आत हसते आहे. तिच्या पेटीत गुलाबी फेटा दिसला. विचारलं नाही.

वद्य १, धुळवड
सकाळपासून आतून कडी लावून बसलो. हलगी नाही, आरडाओरडा नाही. दुपारी मेव्हण्याला विचारलं.
"औंदा गाढव न्हाई, साहेब. तुमचा हुकूम आलता. एकाला सोडून दुसऱ्याला बसवायचं म्हंजी भांडान. पाटील म्हनले, मग कुनालाच नगं."
मी माझ्यापुरतं सांगितलं होतं! यांनी सणच बंद केला. वर माझ्या नावानं!

वद्य २
सौ. सकाळपासून फणकारत होती. शेवटी बोलली ती अशी,
"लहानपनापासून मी लोकांच्या दाल्ल्यांवर धूळ उधळली. औंदा आपली पाळी म्हनून आयनं फेटा घेऊन ठिवलता. एकदा गाढवावर बसला की जावई पाव्हना ऱ्हात न्हाई, गावचा होतो. आता पानवठ्यावर बाया माझ्याकडं पाठ करून उभ्या ऱ्हात्यात. मी येत न्हाई तुमच्यासंगं. पोरबी येनार न्हाई."
"कुठवर?"
"गाव तुमाला दाजी म्हनंल तवर."
अंगाची लाही लाही झाली. जोड्यांची माळ नको म्हटलं तर मीच गुन्हेगार! म्हटलं, सासरे समजावतील. त्यांनी पागोटं सारखं केलं नि म्हणाले, "साहेब, जेवून घ्या."
सासरे मला साहेब म्हणाले.

वद्य ३
पाटलाकडे गेलो. म्हटलं, निरोप मागं घेतला, बसवा मला. पाटलानं हात जोडले.
"आज बसवू, अन् उद्या तुमी मोमिनाबादेला पोचला की आमी कचेरीत उभे. चेष्टा आमाला कळती, साहेब. हुकमाचं लई भ्या वाटतं."
मुलीची शपथ घातली. मान हलवत बसला. भित्रा! वर म्हणतो, "अन् चेष्टा काय सांगून करत्यात व्हय?"

वद्य ४
कुंभाराच्या दारी गेलो. फारशी जाणणारा माणूस गाढवासाठी पदर पसरतो! कुंभार म्हणाला, "पाटलाला इचारा." दाती तृण धरायचं तेवढं राहिलं.
संध्याकाळी परसातले फाटके जोडे गोळा केले. सौ.कडे सुतळी मागितली. दिली. गाठी बसेनात. शेवटी तिनंच माझ्या हातातून घेऊन एक गाठ मारली. तोंड मात्र दुसरीकडे.

वद्य ५, रंगपंचमी
रजा संपली. संपू दे. शिसपेन्सिलीनं इथंच लिहितो आहे, कुंभाराच्या दारात, गाढवाच्या खुंट्याशेजारी. गळ्यात माळ. माणसं येतात, लवून "रामराम साहेब" म्हणतात, पुढं जातात. कुणी हसत नाही. हसायला काय जातं यांच्या बापाचं!
समोर ओट्यावर सासूबाई फेटा घेऊन उभ्या आहेत. सौ. मुलीला घेऊन इकडे आली. पोरीनं माळेतला एक जोडा धरला तो सोडत नाही. सौ. तो सोडवतही नाही.
हलगीवाला आत्ताच वेशीतून आत आला. हलगी काखेत आहे. आधी माझ्याकडं बघितलं, मग पाटलाच्या घराकडं. अजून उभाच आहे.