नानांचा हळदीचा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ

नाना म्हणजे जळगावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांचे स्वयंघोषित पुढारी. कॅमेऱ्याची कंपनी जणू यांच्या सासऱ्यानं काढलेली! मी दुसऱ्या कंपनीचा घेतो म्हणालो, तर टपरीवर सगळ्यांसमोर, "जो कंपनी बदलस, तो आपला मानूस नही!" वर पुढच्या लग्नांतूनही मला काढलं.

आज धुळ्याला तो कॅमेरा घ्यायला गेलो, तर जुन्या मालाच्या कपाटात नानांचाच कॅमेरा. लग्नांतल्या हळदीनं पिवळा झालेला त्याचा गळ्यातला पट्टा मी ओळखणार नाही? दुकानदार म्हणाला, "हा देऊन त्यांनी तुम्ही घेताय तोच नेला. जळगावात सांगू नका म्हणाले."

एवढ्यासाठी नानांनी धुळं गाठलं! मग मला कशाला झापलं? थू.

पट्टा फुकट मागून आणलाय. उद्या नव्या कॅमेऱ्याला तोच लावून टपरीवर बसणार. नाना निष्ठेवर बोलायला लागले, की पहिला फोटो त्यांचाच.