गोट्यांचे मणी

प्रिय सूनबाई,

हे दोन शब्द लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो होतो. तुझी सासू मधूनमधून डोकावून जात होती. तिला वाटलं, म्हातारा अडला. अडलो नव्हतो, यापुढे तुला सूनबाई म्हणावं की नाही याचा विचार करत होतो. शेवटी म्हटलं, हात ज्याला सरावलाय तेच लिहावं, बाकीचं पुढे बघू.

विषय सरळच काढतो. तू पुन्हा लग्न करते आहेस हे तू आईला, म्हणजे तुझ्या सासूला, फोनवर सांगितलंस आणि वर म्हणालीस की बाबांना तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही. अगं, जळत्या घरांत शिरण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि मला सांगायला तुला धीर होत नाही? आईने सांगितलं तेही जेवताना, माझ्या तोंडात घास असताना, म्हणजे मला लगेच काही बोलता येऊ नये. ठसका लागायचा तो लागलाच. त्यानंतर तू मला फोन केला नाहीस आणि मीही तुला केला नाही. आम्ही दोघं लग्नाला येऊ का, आणि येऊ तर मनापासून येऊ का, एवढंच तू आईकडून विचारलं आहेस. उत्तर देणार आहे. पण मुद्द्यावर यायला मला वळसा लागतो हे तू जाणतेस, तेव्हा चहा ठेव आणि सावकाश वाच.

मी काचेचे मणी करायला शिकतोय हे तुला तुझ्या चिमणीने सांगितलं असेलच, फक्त तिच्या भाषेत ते आजोबा बांगड्या करतात असं झालं असेल. झालं असं की तुम्ही दोघी नोकरीपायी तिकडे गेलात आणि घर एकदम ओकंबोकं झालं. त्यात मी निवृत्त. रस्त्यावरून बंबाची घंटा गेली की मी खिडकीत धावायचो आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तिथेच उभा राहायचो. तुझ्या सासूला ते बघवेना. तिने या मण्यांच्या वर्गात स्वतःचं नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी गुडघा धरून बसली. म्हणाली, पैसे भरलेत, फुकट जायला नकोत, तुम्ही जा. मी गेलो. गुडघा दुसऱ्या दिवशी ठणठणीत होता.

वर्ग सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. एक लांब टेबल, त्यावर पत्रा ठोकलेला, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात गॅसची एक छोटी ज्योत. शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या, केसांचा अंबाडा पेन्सिल खोचून घालतात आणि दिवसभर तीच पेन्सिल शोधत असतात. मी आत गेलो तो मण्यांकडे बघितलंच नाही. आधी गॅसची नळी तपासली, मग दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलं, मग कोपऱ्यातला आग विझवायचं नळकांडं उचलून त्याची मुदत वाचली. मुदत संपलेली. नवं येईपर्यंत बसणार नाही म्हणालो. बाकीच्या सगळ्या बायका, त्या तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. आता त्याच मला बंबवाले आजोबा म्हणतात आणि जाताना प्रत्येकीचा गॅस मी बंद केलाय ना, हे मलाच विचारतात. जन्मभर आग विझवली आणि उतारवयात पेटवायला शिकतोय.

काम दिसतं सोपं. एका हातात बारीक सळई, दुसऱ्या हातात काचेची कांडी. कांडी ज्योतीत धरली की टोकाशी काच पाकासारखी मऊ होते, ती सळईवर गुंडाळायची आणि सळई फिरवत राहायची. फिरवणं थांबलं की मणी एका बाजूला ओघळतो. माझ्या हाताला सवय पाण्याच्या जाडजूड पाइपाची. दोन बोटांत काही धरायचं म्हटलं की आधी खांदेच वर जायचे. पहिला मणी झाला तो कुणीतरी वर बसल्यासारखा. दुसरा चांगला गोल आला, पण सळईवरून निघेना. सळईला आधी पातळ मातीचा लेप द्यायचा असतो, म्हणजे गार झाल्यावर मणी सुटतो. मी लेपच विसरलो होतो. ती सळई आणि तो मणी आता जन्माचे सोबती. तुझ्या सासूने ती मिरचीच्या कुंडीत रोवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हा यांचा झेंडा म्हणून दाखवते.

पण सूनबाई, मला तिथे बरं वाटायला लागलं. ज्योतीकडे बघत सळई फिरवत असलो की मनात दुसरं काही येत नाही. आपले चिरंजीव गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. चिरंजीव हा शब्द आता त्याच्यासाठी वापरू नये असं एकाने मला सांगून पाहिलं. मी आयुष्यभर त्याला तसंच चिडवत आलो, आता नवीन कुठला शोधू? मणी गोल यायला लागले, मग त्यावर ठिपके यायला लागले, आणि घरी मी शीळ घालायला लागलो असं आईचं म्हणणं आहे. मला ते कळलंच नव्हतं.

आणि अशात तुझी बातमी आली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. राग नाही आला, वाईट वाटलं. तू ज्यांच्याशी लग्न करते आहेस ते चष्मेवाले गृहस्थ मला चांगले आठवतात. आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा ते अंगणात चिमणीच्या सायकलची साखळी बसवत होते, आणि आम्हाला बघून काळे झालेले हात मागे लपवून शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. आईने तेव्हाच ओळखलं होतं. मी फक्त म्हणालो होतो की साखळी छान बसवलीन. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं बघ. नाव ठेवायला जागाच नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. वाटलं, आता हळूहळू आपला पोरगा सगळ्यांच्या बोलण्यातून जाणार.

मग मी काय केलं असेल? माळ्यावरून त्याच्या गोट्यांचा डबा काढला. जाताना तू तो न्यावा की ठेवावा हे ठरवू शकली नव्हतीस आणि शेवटी माझ्या कपाटाशी ठेवून गेलीस, तोच. गल्लीतल्या सगळ्या पोरांना हरवून जिंकलेल्या गोट्या. त्यातली हिरवी उचलली, वर्गातल्या भट्टीत आधी हळूहळू तापवली, कारण एकदम ज्योतीत धरली तर ती फुटून उडते, आणि मग वितळवून तिच्यावर नव्या पांढऱ्या काचेची वेल काढली. ठरवलं की तुझ्या लग्नाला असेच मणी द्यायचे. प्रत्येक मण्यात तो असणार म्हणजे असणारच. मणी इतका देखणा झाला की बाईंची पेन्सिल खाली पडली. रात्रभर भट्टीत निवू दिला, घरी आणला, खिडकीत ठेवला. पुढे एका सकाळी आम्ही नाश्ता करत असताना टिक् असा आवाज आला. मण्याचे दोन तुकडे.

मला वाटलं, हात चुकला. दुसरा केला. तोही तडकला. तिसरा तर भट्टीतूनच तडकलेला निघाला. आई म्हणाली, तो ऐकत नाहीये तर सोडा ना. मी कसला सोडतोय! तुकडे रुमालात बांधून बाईंकडे नेले. त्यांनी ते उजेडात धरले आणि विचारलं की आजोबा, हिरवी काच कुठली. मी सांगितलं, अगदी सगळं सांगितलं, गोट्या कुणाच्या, मणी कुणासाठी. त्यांनी तुकडे जपून परत रुमालात ठेवले. मग म्हणाल्या की तुमच्या हाताचा दोष नाही. दोन्ही काचा चांगल्या आहेत, पण निवताना ही जास्त आकसते, ती कमी. वरून एकजीव दिसतात आणि आत ओढाताण चालू असते. एका मण्यात या दोघी टिकायच्या नाहीत. तुम्ही गोटीचे मणी वेगळे करा, नव्या काचेचे वेगळे करा, आणि ओवा एका सरात. तिथे कुणाची कुणाला अडचण नाही.

मी घरी चालत आलो. वाटेत लक्षात आलं की मी तुझ्याकडून तेच मागत होतो. तुझ्या नव्या संसाराच्या प्रत्येक दिवसात त्याला कोंबून बसवायला निघालो होतो. त्याने तो दिवसही तडकला असता आणि त्याची आठवणही. त्याला स्वतःची जागा आहे, या माणसाला स्वतःची. एवढं कळायला मला तीन मणी फोडावे लागले.

सोबतच्या डबीत कापसात सर ठेवला आहे. हिरवे मणी गोट्यांचे, पांढरे नव्या काचेचे, आणि मधला निळा चिमणीसाठी, कारण तिने निळाच हवा असं बजावलं होतं. एक पांढरा जरा तिरका आहे, तो आईने केलाय, गुडघा बरा असलेल्या दिवशी. तो मागे जाईल असा घाल, पण मी असं सांगितलं हे तिला सांगू नकोस. आणि आता उत्तर. येणार, दोघंही, आणि मनापासून. पण माझं एक मागणं आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. तुझ्या पहिल्या लग्नात तुझ्या बाजूला एकटे मामा उभे होते. आईवडील तर तुझे त्याआधीच गेलेले. मामा आता अंथरुणाला खिळलेत, प्रवास त्यांना झेपायचा नाही. मग या वेळी तुझ्या बाजूने कोण उभं राहणार, साक्षीदाराची सही कोण करणार, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं आणि मला रात्री झोप लागली नाही. आम्ही मागच्या वेळी मुलाकडचे म्हणून खुर्च्या अडवून बसलो, मानपान करून घेतला, हौस फिटली. या वेळी आम्हाला मुलीकडचे म्हणून येऊ दे. सही मी करतो, अक्षर बरं आहे माझं. आणि मुलीकडच्यांना काही ऐन वेळी पोचून चालत नाही, कामं असतात, म्हणून आम्ही चार दिवस आधीच येतो. चिमणीला सांग, आजोबांची गादी तिच्या खोलीत घाल.

तुझाच,
मुलीकडचा म्हातारा,
बाबा